न जिंकलेला बुरूज

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ बेरिक नावाचं एक लहानसं गाव आहे. गावाला लागून समुद्र, समुद्राला लागून वाळूचे उंचवटे आणि त्या उंचवट्यांवर गोल्फचं एक जुनं मैदान. या मैदानावरच्या पंधराव्या होलचं नाव आहे ‘रेडान’. हे नाव तिथल्या मातीतलं नाही. शब्द फ्रेंच आहे आणि लष्करी आहे. शत्रूच्या दिशेनं टोक काढून बांधलेल्या, दोन बाजूंच्या कोनदार मोर्चाला ‘रेडान’ म्हणतात. मग समुद्रकाठच्या शांत गावात, चेंडू मारण्याच्या जागेला हे नाव कसं मिळालं?

त्यासाठी १८५५ सालात जावं लागतं. क्रिमियाचं युद्ध सुरू होतं. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी रशियाच्या सेव्हस्तोपोल बंदराला वेढा घातला होता. शहराच्या तटबंदीत दोन मोर्चे फार महत्त्वाचे होते. एक मालाकॉफ, तो फ्रेंचांच्या वाट्याला आला. दुसरा ग्रेट रेडान, तो ब्रिटिशांच्या. १८ जून म्हणजे वॉटर्लूच्या विजयाचा दिवस. तो मुहूर्त साधून पहिला हल्ला केला, तो फसला. ८ सप्टेंबरला दुसरा हल्ला झाला. मालाकॉफपाशी फ्रेंचांनी आपले खंदक अगदी भिंतीजवळ नेऊन ठेवले होते. त्यांनी मोर्चा घेतला. ब्रिटिश सैनिकांना मात्र शिड्या घेऊन दोनेकशे यार्डांचं उघडं मैदान पार करायचं होतं, समोरून तोफा-बंदुकांचा मारा सुरू असताना. त्या एका दिवसात दोन हजारांहून जास्त ब्रिटिश सैनिक ठार किंवा जखमी झाले. रेडान काही पडला नाही. मालाकॉफ गेल्यामुळे रशियनांनी रात्रीतून शहराचा तो भाग स्वतःच सोडला, आणि मग रिकाम्या रेडानमध्ये ब्रिटिश पोहोचले. रशियनांच्या बाजूनं याच वेढ्यात तोफखान्याचा एक तरुण अधिकारी होता. त्याचं नाव लिओ टॉलस्टॉय.

या युद्धातून परतलेल्या एका अधिकाऱ्यानं नॉर्थ बेरिकच्या त्या होलला रेडान म्हटलं, असं सांगतात. होल पाहिला की नाव का चिकटलं ते कळतं. अंतर १९० यार्डांच्या आसपास. मधे एक उंचवटा, त्यामुळे जिथे चेंडू पोहोचवायचा ती हिरवळ नीट दिसतच नाही. ही हिरवळ आपल्याकडे तोंड करून बसलेली नाही, ती तिरकी पसरलेली आहे. तिच्या पुढच्या डाव्या अंगाला एक खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आ वासून बसलेला. शिवाय उतार उजवीकडून डावीकडे आणि पुढून मागे. सरळ निशाण्यावर चाल करून जाल तर एक तर खड्ड्यात जाल, नाहीतर पलीकडे घसराल. शहाणा खेळाडू काय करतो? तो चेंडू उजवीकडच्या उंच अंगावर टाकतो आणि उतारानं त्याला डावीकडे घरंगळत जाऊ देतो. समोरून जिंकता न येणारा मोर्चा बगलेनं घ्यायचा. आपल्या गडांवरचे गोमुखी दरवाजे आठवा. दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवलेला असतो की येणाऱ्याला तो शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. तीच ही युक्ती.

इथे एक खुलासा करतो. गोल्फमध्ये ‘होल’ म्हणजे केवळ चेंडू जाण्याचं भोक नव्हे. जिथून पहिला फटका मारतात त्या ‘टी’पासून भोक असलेल्या गुळगुळीत हिरवळीपर्यंतचा, म्हणजे ‘ग्रीन’पर्यंतचा, सगळा पट्टा मिळून एक होल होतो. असे अठरा पट्टे मिळून मैदान होतं. आज आपण त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक देतो. पण जुन्या स्कॉटलंडमध्ये होल ओळखले जात ते नावानं.

तुम्ही म्हणाल, आकडा असताना नाव कशाला? उत्तर सोपं आहे. आकडे बदलत असत. सेंट अँड्र्यूजच्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सवर एके काळी बावीस होलची फेरी होती. १७६४ साली ती अठराची झाली. प्रेस्टविक या पश्चिम किनाऱ्यावरच्या मैदानावर, जिथे १८६० साली आठ खेळाडूंनिशी पहिली ओपन स्पर्धा झाली, तिथे मुळात बाराच होल होते. त्यातला दुसरा होल म्हणजे ‘आल्प्स’. मधे मोठा वाळूचा डोंगर, त्याच्यावरून आंधळा फटका मारायचा, आणि पलीकडे ‘सहारा’ नावाचा भलाथोरला बंकर. पुढे मैदान वाढवून अठरा होलचं केलं तेव्हा हा दुसरा होल सतरावा झाला. आकडा पार इकडचा तिकडे गेला. आल्प्स मात्र आल्प्सच राहिला. आपल्याकडेही सातबाऱ्यावर जमिनीचा गट नंबर असतो, पण घरात बोलताना ते ‘विहिरीजवळचं’ किंवा ‘वडाखालचं’च असतं. तसंच हे.

नावं ठेवण्यात काही सभा-समित्या बसल्या नव्हत्या. ती चेंडू शोधणाऱ्या पोरांच्या, कॅडींच्या, मैदान राखणाऱ्यांच्या तोंडून आली. सेंट अँड्र्यूजच्या चौथ्या होलचं नाव आहे ‘जिंजर बिअर’. डेव्हिड अँडरसन नावाचा एक म्हातारा तिथे आल्याच्या पेयाची गाडी लावत असे, म्हणून हे नाव. पहिला होल ‘बर्न’, कारण ग्रीनच्या पुढ्यातून ओढा वाहतो. स्कॉट लोक ओढ्याला बर्न म्हणतात. दुसरा ‘डाइक’ म्हणजे दगडी बांध. सतरावा ‘रोड’, कारण ग्रीनच्या अगदी पाठीशी रस्ता आहे. अठराव्याला टॉम मॉरिसचं नाव आहे. हा टॉम मॉरिस चेंडू बनवणारा, मैदान राखणारा आणि चार वेळा ओपन जिंकणारा. दहाव्याला बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूचं नाव आहे, त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९२१ साली ओपन स्पर्धेत अकराव्या होलवरच्या बंकरमध्ये हा तरुण असा अडकला की चिडून त्यानं चेंडू उचलला आणि डाव सोडून दिला. त्याच मैदानावर त्यानं १९२७ साली ओपन जिंकली, आणि १९५८ साली गावानं त्याला आपलं मानद नागरिकत्व दिलं. त्याच्या मृत्यूनंतर दहाव्या होलला त्याचं नाव लागलं. ज्यानं एकदा त्या मैदानाकडे पाठ फिरवली, त्याचं नाव आज तिथे रोज घेतलं जातं.

आणि हो, या नावांत आपला हिमालयही आहे. प्रेस्टविकच्या पाचव्या होलचं नाव ‘हिमालयाज’. उंच टेकाडावरून पलीकडे न दिसणाऱ्या ग्रीनवर चेंडू टाकायचा. सेंट अँड्र्यूजला बायकांसाठी १८६७ साली एक क्लब निघाला. त्या काळच्या सभ्यतेच्या कल्पनेप्रमाणे बाईनं खांद्याच्या वर काठी उगारणं बरं दिसत नसे, म्हणून त्यांना केवळ हळूच चेंडू ढकलण्यापुरतं एक उंचसखल हिरवं अंगण मिळालं. त्या अंगणालाही लोक हिमालयाजच म्हणतात. वाळूची टेकाडं ती काय, आणि नावं मात्र आल्प्स नि हिमालय! साम्राज्य दूरदूर पसरलेलं होतं. माणसं तिथून परत येत आणि गावच्या टेकडीला तिथलं नाव देत. रेडान हा शब्दही असाच फिरला. १८५७ साली लखनौच्या रेसिडेन्सीत इंग्रज वेढले गेले तेव्हा त्यांनी उभारलेल्या तोफमोर्चांपैकी एकाचं नाव रेडानच होतं. आणि सेव्हस्तोपोलच्या रेडानवर चालून गेलेल्या पलटणींपैकी नव्वदावी पलटण दोनच वर्षांनी लखनौला लढत होती. एका शब्दाच्या एका टोकाला आपलंही रक्त सांडलेलं आहे, हे विसरून चालणार नाही.

आता गोष्ट अमेरिकेत जाते. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड हा शिकागोत वाढलेला मुलगा. १८७२ साली, सोळाव्या वर्षी, त्याला शिक्षणासाठी सेंट अँड्र्यूजला आजोबांकडे पाठवलं. तिथे त्याला गोल्फचं वेड लागलं. दोन वर्षांनी परतला तर शिकागोत गोल्फ नावालाही नव्हतं. पुढे त्यानंच शिकागो गोल्फ क्लब काढला, अमेरिकेतलं पहिलं अठरा होलचं मैदान उभं केलं आणि १८९५ साली पहिली अधिकृत यूएस अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा जिंकली. माणूस हट्टी आणि हुकमी. पण त्याच्या मनात एक सल होता. अमेरिकेतली मैदानं त्याला बेचव वाटत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या एका गोल्फ नियतकालिकात चर्चा चालली होती की ब्रिटनमधले सर्वांत चांगले होल कोणते. ती वाचून मॅकडोनल्डला कल्पना सुचली. या उत्तम होलमधलं मर्म काढून घ्यायचं आणि एकाच मैदानात मांडायचं.

त्यासाठी तो पुनःपुन्हा ब्रिटनला गेला. नकाशे काढले, मोजमापं घेतली, उतार टिपले. मग न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर साउदॅम्प्टन इथे सुमारे दोनशे एकर जागा घेऊन त्यानं ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ हे मैदान उभारलं. ते १९११ साली औपचारिकरीत्या खुलं झालं. तिसरा होल आल्प्स, चौथा रेडान, सातवा सेंट अँड्र्यूजच्या रोड होलवर बेतलेला, तेरावा ईडन. म्हणजे तोच, ज्याच्यावर पुढे बॉबी जोन्स चिडणार होता. मूळ होलच्या मागे ईडन नदीची खाडी आहे, म्हणून हे नाव. काही होल त्याचे स्वतःचे. चौदावा ‘केप’ त्यांतलाच. त्याच्या पुढच्या काळातल्या आवृत्त्यांत पाणी तिरकं आडवं येतं. जितकं धाडस तितका पाण्यावरून लांबचा फटका, आणि तितकाच पुढचा रस्ता सोपा.

मॅकडोनल्डनं नक्कल केली का? केली आणि नाहीही. नॉर्थ बेरिकच्या रेडानवर ग्रीन नीट दिसत नाही. त्याच्या रेडानवर ते स्वच्छ दिसतं. मूळ रोड होलवर रस्ता आहे, त्याच्या होलवर रस्त्याच्या जागी वाळूचा बंकर. ईडनमागे नदी नाही. म्हणजे नाव, प्रश्न आणि उत्तर शोधण्याची तऱ्हा तीच, बाकी जमिनीप्रमाणे वेगळं. आपल्या संगीतात एक बंदिश घराण्या-घराण्यांत फिरते तसं. शब्द तेच, सम तीच. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ती नवी होते. रेडानची बंदिश एकदा बसली की ती सखल जमिनीवरही गाता येते, टेकडीवरही.

या बंदिशी दूरवर नेल्या त्या मात्र एका भलत्याच माणसानं. साउदॅम्प्टनच्या जागेची मोजणी करायला मॅकडोनल्डनं गावातलाच एक सिव्हिल इंजिनिअर बोलावला. त्याचं नाव सेथ रेनर. गोल्फ त्याला येत नव्हता. मोजणी, पाण्याचा निचरा, मातीकाम यात मात्र तो पक्का. मॅकडोनल्डनं त्याला हाताशी धरलं आणि पुढच्या वर्षांत रेनरनं अमेरिकाभर मैदानं उभारली. फिशर्स आयलंड, शोरएकर्स, कॅमार्गो ही त्यांतली काही. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक रेडान, एक ईडन, एक ‘शॉर्ट’, एक ‘बिआरिट्झ’. १९२६ साली, एक्कावन्नाव्या वर्षी तो वारला. कामाची यादी हातात होती. कॅलिफोर्नियातलं सायप्रेस पॉइंट त्याच्याकडेच होतं, ते मग अ‍ॅलिस्टर मॅकेंझीकडे गेलं.

रेनरवर टीका झाली, आजही होते. प्रत्येक गावात तेच अठरा साचे ठोकायचे, तर जमिनीचं ऐकायचं कधी? ही टीका अगदीच चुकीची नाही. इंजिनिअरच्या हातची ती मैदानं. कडा धारदार, कोन सरळ, बंकर चौकोनी वाटावेत इतके खोदीव. पण दुसरी बाजूही पाहा. ज्या देशात त्या वेळी बहुतेकांनी स्कॉटलंडचा किनारा पाहिलेलाही नव्हता, तिथल्या माणसाला या साच्यांमुळे उत्तम होल म्हणजे काय हे पायाखाली कळलं. सामान्य खेळाडूला लांबचा पण सुरक्षित रस्ता, धाडसी खेळाडूला जवळचा पण धोक्याचा. दोघांनाही विचार करायला लावायचं. हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही.

यातली सगळ्यांत विलक्षण कहाणी बिआरिट्झची. बिआरिट्झ हे फ्रान्समधलं समुद्रकाठचं हवा खाण्याचं गाव. तिथे १८८८ साली विली डन या स्कॉट माणसानं मैदान आखलं. त्यात एक होल समुद्राच्या दरीवरून चेंडू मारण्याचा. मॅकडोनल्डनं तो पाहिला आणि त्यावरून लांब पल्ल्याचा एक साचा तयार केला, ज्यात ग्रीनच्या मधोमध आडवी खोल पन्हळ असते. १९२६ साली खुल्या झालेल्या येल विद्यापीठाच्या मैदानावरचा नववा होल त्याचा मोठा नमुना. तळ्यावरून फटका मारायचा आणि चेंडू त्या पन्हळीतून पलीकडे चढवायचा. गंमत अशी, की फ्रान्समधला मूळ होल केव्हाच नाहीसा झाला. जिच्यावरून चित्र काढलं ती व्यक्ती गेली, आणि चित्रांवरूनच आता तिचा चेहरा ओळखायचा.

लिडोचं तसंच झालं, पण जास्त वाईट. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर दलदल भरून मॅकडोनल्ड आणि रेनर यांनी १९१७ सालापर्यंत लिडो हे मैदान उभं केलं. त्याच्या शेवटच्या होलसाठी ब्रिटनच्या ‘कंट्री लाइफ’ मासिकानं १९१४ साली आराखड्यांची स्पर्धा घेतली होती. ती जिंकली डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेंझीनं. हा डॉक्टर बोअर युद्धात होता आणि बोअर लोक जमिनीत स्वतःला कसं लपवतात हे त्यानं बारकाईनं पाहिलं होतं. पुढे तीच नजर त्यानं बंकर लपवण्यात वापरली. पुन्हा युद्धाचीच विद्या खेळात आली. आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलानं लिडोची जागा घेतली, ते मैदान कायमचं गेलं. युद्धानं नाव दिलं होतं, युद्धानं मैदान नेलं.

त्या काळात या सगळ्या साच्यांना उतरती कळा आली. मंदीत क्लबांकडे पैसा नव्हता, बंकर राखायला माणसं लागत, म्हणून ते बुजवले. झाडं लावली, पन्हळी भरल्या, तिरके उतार सपाट केले. ‘रेडान’ची पाटी गेली, ‘पार तीन, क्रमांक चार’ उरलं. नव्या सदस्यांना त्या विचित्र उताराचं कारणच ठाऊक नव्हतं, म्हणून तो दुरुस्त करणं त्यांना रास्त वाटलं. नाव हरवलं की वस्तूचा अर्थ हरवतो, आणि अर्थ हरवलेली वस्तू पहिल्यांदा मोडीत निघते. हे केवळ गोल्फपुरतं खरं नाही.

मग शतक सरता सरता उलटा वारा सुटला. न्यू जर्सीत कपडे धुण्याचा धंदा करणाऱ्या जॉर्ज बाहटो या हौशी अभ्यासकानं मॅकडोनल्डचा शोध घेतला आणि २००२ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं. क्लबांनी जुनी छायाचित्रं काढली, बुजवलेले बंकर पुन्हा खणले, झाडं काढून वारा मोकळा केला. २०१० साली ओरेगॉनच्या किनाऱ्यावर टॉम डोक आणि जिम उर्बिना यांनी ‘ओल्ड मॅकडोनल्ड’ नावाचं मैदान उभारलं. आणि २०२३ साली विस्कॉन्सिन राज्यात, समुद्रापासून कोसो दूर, जुन्या छायाचित्रांवरून आणि संगणकावर मापं जुळवून लिडो पुन्हा उभं राहिलं. मूळ जागा नाही, मूळ समुद्र नाही. पण होल तेच, नावं तीच.

मूळ मैदानांपुढेही आज अडचण आहेच. चेंडू आणि काठ्या इतक्या सुधारल्या आहेत की जुन्या प्रश्नांची उत्तरं आयती मिळतात. २०१० च्या ओपनसाठी सेंट अँड्र्यूजच्या रोड होलची टी सुमारे चाळीस यार्ड मागे न्यावी लागली, तेव्हा कुठे तो आपला दरारा राखू शकला. तो दरारा १९७८ साली जपानच्या नाकाजिमानं पुरता अनुभवला होता. या एका होलवर, रोड बंकरमधून चेंडू काढता काढता, त्यानं नऊ फटके मोजले. प्रेस्टविकवर तर गर्दी आवरेना म्हणून १९२५ नंतर ओपन झालीच नाही. तरी तिथे आल्प्स आहे, हिमालयाज आहे, आणि पाहुणे ते खेळायला येतात.

आता पुन्हा एकदा रेडानकडे पाहू. जगातल्या कितीतरी मैदानांवर आज हे नाव आहे. तो होल खेळणाऱ्यांपैकी कितींना सेव्हस्तोपोल ठाऊक असेल? उघड्या मैदानावर शिड्या घेऊन धावलेली, बहुतेक गरीब घरांतली ती तरुण पोरं या नावात कुठे आहेत? हरलेल्या हल्ल्याचं नाव ज्यानं हौसेच्या मैदानाला दिलं, त्यानं ते थट्टेनं दिलं असेल की न विसरण्यासाठी, हे आता विचारता येणार नाही. नाव टिकलं, म्हणूनच आपण आज हा प्रश्न तरी विचारू शकतो. नुसता ‘पंधरावा होल’ असता तर १८५५ साल त्या गवतात कोणालाच सापडलं नसतं.

म्हणून मंडळी, गोल्फ आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला यायचा नाही, तो खेळ महागडा आहे. पण गावी गेलात तर घरातल्या जाणत्या माणसाला एवढं विचारा की आपल्या शेताच्या तुकड्यांना, पाणंदीला, नदीतल्या डोहाला जुनी नावं काय होती आणि ती कशावरून पडली. ती एका वहीत लिहून ठेवा. गट नंबर तलाठ्याकडे मिळेल. ही नावं सांगणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत आहेत.